शेवटच्या नळाला किती उरतो

राखेचा बुधवार. मिरजेत सहाची मिस्सा,
सव्वासातला मी सांगलीत, पंपहाऊसच्या दारात
स्कूटी लावतेय, कपाळावर राख तशीच.

तातोबा मगदूम, व्हॉल्व्हमन, रिटायर व्हायला चार महिने,
लांब चावी खांद्यावर घेऊन बघत राहतो.
"मॅडम, अंगारा कुठला ओ? औदुंबरचा?"
नाही, आमच्यातला, म्हणते.
"आसू दे. लागू पडला म्हंजे झालं."

लागू पडणं कशाला म्हणायचं
ते मला अजून नीट सांगता येत नाही.
गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली चिमूटभर राख.
माती आहेस, फादर म्हणाले,
आणि मला आधी आठवली पाइपलाइन,
काळ्या मातीत पाच फूट खाली,
उन्हाळ्यात माती भेगाळली की सांध्यात निखळणारी.

गोदामात ब्लीचिंगची नवी पोती. चाळीस.
पोतं उसवलं की डोळ्यांत पाणी यावं,
माणूस खोकत मागं सरावा.
मी वाकून छातीभर श्वास घेते.
काही नाही.
चुन्यासारखी गरीब, गप्प पावडर.
लॅबमधली शबाना तांबोळी दोनदा तपासते,
चष्मा काढून सांगते, अठरा.
कागदावर तेहतीस टक्के.
कागदावर खाली उजवीकडे माझी जागा, कोरी.

पुरवठादार इनासकाका फुर्ताद.
वडील त्यांचे मिरज जंक्शनात इंजिन ड्रायव्हर.
चर्चमधले आठ पंखे त्यांनी दिलेले.
दादा गेला तेव्हा शवपेटी
स्वतः टेम्पोत बसून कोल्हापूरहून आणली,
पैशाचं विचारूही दिलं नाही.

दुपारी फोन. रागावत नाहीत ते, तेच अवघड.
"क्लेमी, या गावात आपण मोजून शंभर घरं.
आपणच आपल्याला नाही सांभाळलं, तर?"

काका, आपण म्हणजे किती?
शामरावनगरची शेवटची गल्ली धरून, की सोडून?
पाणी पोचेपर्यंत जिथं नळ नुसता सुस्कारे टाकतो,
जिथं एका घरात तिघं काविळीनं पिवळी पडली होती,
त्या घराचं आडनाव मला आठवत नाही,
दारातली मुलांची चप्पल आठवते.
हे सगळं मी बोलले नाही.
"पोती परत न्या, काका," एवढंच.
मग दोन्हीकडून खरखर.

साहेबांनी फाइलवर लिहिलं, 'चर्चा करावी',
आणि ती माझ्याकडेच फिरून आली.
"तुमच्यातलेच ना ते?" त्यांनी विचारलं, सहज, कुतूहलानं.
हो म्हटलं. माझ्यातलेच.

रविवारी प्रवचन मिठावर.
क्लोरीन मिठातूनच निघतो
हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकले,
फादरना सांगायचं दरवेळी राहून जातं.
पाण्यात तो दिसत नाही.
वाटेतल्या घाणीशी झगडून, खर्च होऊन
शेवटच्या नळाला जो उरतो तेवढाच आम्ही मोजतो,
पॉइंट टू. त्याहून कमी असला
तर सगळी वरची यंत्रणा नुसती शोभा.

एकमेकांना शांती द्यायची वेळ आली.
इनासकाका दोन बाकं पुढं. वळले नाहीत.
त्यांच्या डोक्यावर त्यांचाच पंखा,
वारा मलाही लागत होता.
मी त्यांच्या पाठीला हात जोडले
आणि मनात काय होतं विचाराल, तर शांती नव्हती.

सोमवार, पहाटे पाच. शामरावनगर.
जुन्या साठ्यातली पोती आहेत, अकरा दिवस पुरतील,
बाराव्या दिवसाचं मला माहीत नाही.
तातोबा चावी फिरवतो. नळ खाकरतो, मग धार.
नळीत चार थेंब टाकून मी टॉर्च धरते,
पाणी हळूहळू पिवळसर होतं,
हळदीचं बोट बुडवून काढावं तसं.

कळशी घेऊन उभी असलेली बाई
ओंजळ नाकाशी नेते, तोंड वाकडं करते.
"ओ मॅडम, पाण्याला वास मारतोय की तुमच्या!"

मारू दे, म्हणते मी. मारू दे.